आधी टोकापर्यंत

अग्निशमन केंद्रात तिला सगळे काकूच म्हणायचे. कोठी तिच्या ताब्यात. पाण्याचे पाईप, गणवेश, बूट आणि दोन झेंडे, एक देशाचा, एक दलाचा. देशाचा आधी चढायचा, शेवटी उतरायचा, आणि दलाचा त्याच्याहून तसूभरही वर जायचा नाही. यात कुणी कुचराई केली, की काकू त्याची बिनपाण्यानं करायची. तिचा नवरा तिथेच बंब चालवायचा. चारचौघांत तिची खेचायचा, "हिच्या झेंड्यांएवढी इस्त्री मला मिळाली असती ना, तर मी साहेब झालो असतो!"

तर तो नवरा गेला. आग विझवून परतताना छातीत कळ आली. पठ्ठ्यानं बंब कडेला घेतला, हँडब्रेक ओढला आणि मगच मान टाकली. मागे बसलेल्या कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटच्या सलामीसाठी त्याला केंद्रावर आणायचं होतं. काकू नणंदेबरोबर पुढे आली आणि फाटकातच थबकली. दोन्ही झेंडे अर्ध्यावर!

"हे कुणी केलं?"

"आम्ही सगळ्यांनी, काकू," केंद्रप्रमुख म्हणाले. त्यांचे डोळे रडून सुजले होते. "आमच्यासाठी तो कुठल्या मंत्र्यापेक्षा कमी नव्हता."

"देशाचा झेंडा सरकारी हुकमाशिवाय खाली येत नाही. वर घ्या."

"आजचा दिवस राहू द्या ना. कोण बघतंय?"

"मी बघतेय."

"वहिनी, माझ्या भावाचा मान आहे गं तो!" नणंद कळवळली. "काळीज आहे की दगड?"

काकूला ते फार लागलं. जगातले सगळे झेंडे आज खाली यावेत, असं तिलाही वाटत होतंच की! पण उद्या कुणी म्हणालं असतं, याच्यासाठी नियम धाब्यावर बसवला, तर ते तिला सोसलं नसतं.

"वन्सं, जीव जात असताना तुमच्या भावानं हँडब्रेक ओढला. आणि मी त्यांच्या नावावर चूक चढवू?"

नणंदेनंच जवानांना खूण केली. जवानांनी देशाचा झेंडा वर नेला.

दलाचा झेंडा घरचा. तो अर्ध्यावर ठेवायला कुणाची हरकत नव्हती. पण आधी तो टोकापर्यंत न्यायचा, मग खाली आणायचा, हे रडारडीत सगळे विसरले होते. त्यांनी तो थेट मध्येच बांधला होता.

"सोडा, मी करते," म्हणत काकूनं दोरी हातात घेतली. झेंडा पार खाली आणला आणि पुन्हा चढवला. टोकाला पोचताच तो रोजच्या सकाळसारखा फडफडला. आता बंबामागून हाक येईल, "काय गं, झाली का इस्त्री?" असं तिला अगदी वाटलं. तिथून तो खाली घ्यायला हात तयार होईनात.

तिनं दात आवळले. हळूहळू दोरी सोडत झेंडा अर्ध्यावर आणला, गाठ मारली, ओढून पाहिली. पक्की होती. मग खांबाला डोकं टेकून ती ढसाढसा रडली.