मेल दाबून ठेवल्याची तक्रार

त्या तक्रारीची आठवण झाली की निवृत्तीनंतर आजही मला हसू येतं.

तेव्हा मी घनसावंगी तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपली होती. एक मेंढपाळ आजोबा सुनेला घेऊन आले. दोन लेकरांची आई असलेली ती सून लग्नानंतर बारावी झाली होती. नर्सिंगच्या प्रवेशासाठी कुंभार पिंपळगावच्या एका नेट कॅफेत तिने नोंदणी केली होती. खातं सुरू करायची लिंक मेलवर यायची होती, ती तीन दिवस आलीच नव्हती. मुदत त्याच संध्याकाळी संपणार होती.

“सायब, त्या कॅफेवाल्यानं मेल दाबून ठेवला,” आजोबा तावातावाने म्हणाले. “सून शिकून राह्यली, ते लोकायला बघवत न्हाई.”

आमच्या खबऱ्यानेही सांगितलं, त्याच दुकानात आणखी दोघींचे मेल आले नव्हते. संशय बळावला. मी कॅफेवाल्याला बोलावून घेतलं.

“सायब, मी बराबर भरलं. बिलकुल खोटं न्हाई,” तो घामाघूम होऊन म्हणाला.

खोट्या सहीच्या गुन्ह्यात आम्ही हस्ताक्षराचे नमुने घेतो. तसंच केलं. सून आणि कॅफेवाला, दोघांना वेगवेगळं बसवून तिच्या मेलचा पत्ता लिहायला लावला. दोन्ही कागद अक्षरन् अक्षर सारखे! मग नोंदणीची छापील पावती मागवली. तिच्यावरच्या पत्त्यात एका ‘एन’च्या जागी दोन होते.

सगळ्यांना घेऊन मी थेट दुकान गाठलं. “माझ्यासमोर टाइप कर.”

त्याने ‘एन’वर एकदाच बोट टेकवलं. पडद्यावर दोन ‘एन’ उमटले. कळ अडकत होती. बाकीच्या दोघींच्या पत्त्यातही तेच अक्षर होतं.

हवालदाराने ठाण्यातला कीबोर्ड आणून जोडला. सुनेने स्वतः पत्ता दुरुस्त केला, लिंक पुन्हा मागवली. आम्ही सगळे तिच्या मोबाइलकडे बघत उभे. मिनिटभरात टिंग वाजलं.

“मामंजी, आला!” ती जवळजवळ ओरडलीच.

आजोबांनी कॅफेवाल्याला मिठीच मारली. “चुकलो रे बाबा. मंग आता त्या दोघींनाबी जल्दी बोलाव!”

पाचच्या आत तिन्ही अर्ज गेले. माझ्या हवालदाराने तर टाळ्या वाजवल्या.

नोकरीत मी अनेकांचं खोटं पकडलं, त्याबद्दल शाबासकीही मिळाली. समोरासमोर उभी असलेली दोन्ही माणसं खरं बोलत असू शकतात, हे मात्र मला त्या दुकानात कळलं. आणि एखाद्याचा खरेपणा सिद्ध झाल्यावर पोलिसालाही किती हलकं वाटतं, तेही.