पार्वताबाईनं बुजवलेल्या खाचा

“आज जाऊ नको वं. धुयानी बाजूथीन काये आभाय उठेल शे.”

“आभाय ते रोजज उठस. उठस आन् चोपडाकडे निंघी जास. आपले काय देस ते?”

“काल वारा व्हता. आज पान बी नही हाली ऱ्हायनं.”

“आठे पडी पडी तुम्हले पान दखास का?”

“दखास नही,” देवचंद म्हणाला. “पन हालत नही ते आयकू येस.”

पार्वताबाईनं डोक्याला फडकं गुंडाळलं. धुळ्याच्या बाजूनं काळं आभाळ उठलंय हे नवऱ्याचं म्हणणं तिला पटलं होतं, आणि पटलं होतं म्हणूनच तिनं बोलणं तोडलं. भ्याव तोंडानं बोलू नये, बोललं की ते घरात चूल मांडून बसतं, असं तिची आई म्हणायची.

“झाडं मरनात ते मन्ही रोजी बी मरी,” ती दारातून म्हणाली. “मंग काय आभाय खाशात?”

अमळनेरात जुन्या बंद तेलगिरणीच्या मागे एक उताराची गल्ली आहे. तिच्या तळाशी, जिथं पाण्याला पुढं जायला वाट उरत नाही, तिथं हे घर. मागल्या भादव्यात सारा रस्ता या घरात शिरला होता. तेव्हा देवचंद पायावर होता. त्यानं पिठाचा डबा डोक्यावर घेतला, कोनाड्यातली बुद्धाची मूर्ती काखेत मारली आणि कमरेइतक्या पाण्यातून बायकोला ओढत बाहेर काढलं. मग हिवाळ्यात त्याची डावी बाजू गेली. एकुलती लेक संघमित्रा धुळ्याला सासरी. बाजेवर निजवलं तर हा गडी कूस वळताना दणकन खाली येई, म्हणून पार्वताबाईनं त्याची गादी फरशीवर घातली. जीभ तेवढी जागेवर होती. तीही जरा जड, पण धार तीच.

गादी खाली आली त्या दिवसापासून पार्वताबाईच्या पोटात एकच गोष्ट बसली होती. पाणी आलं तर हा माणूस उठणार नाही.

त्या पुरानंतर एका संस्थेनं गल्लीच्या एका अंगाला वरपासून खालपर्यंत लांब चर खणला. खाली खडी, वर वाळू, वर माती, आणि त्यात करंज, निंब, जांभूळ, ताम्हण अशी रोपं. चर आणि रस्ता यांच्यामध्ये दगडाचा काठ, आणि काठाला थोड्या थोड्या अंतरावर खाचा. रोपं सांभाळायला पार्वताबाईला रोजानं लावलं. संस्थेचा हितेंद्र नावाचा इंजिनेर पोरगा मृगाच्या आधी येऊन सांगून गेला, “आक्का, या खाचा मोकळ्या ठेवायच्या. रस्त्याचं पाणी इथून आत येणार. झाडं पितील तेवढं पितील, उरलेलं जमीन पिईल. तुमच्या घराकडं येणारच नाही.”

“हो भाऊ,” ती म्हणाली. साहेब माणूस बोलतो तेव्हा जसं म्हणायचं असतं तसं. पोरगा पुढं धुळ्याच्या कामाला लागला.

मृग आणि आर्द्रात नुसती भुरभुर झाली. मग पावसानं जी ओढ दिली ती पोळा गेला तरी संपेना. रोपं माना टाकायला लागली. पार्वताबाई हापशावरून हंडे वाहायची, बुडाशी ओतायची, आणि तिच्या डोळ्यांदेखत ते पाणी वाळून टणक झालेल्या मातीवरून उतारानं घसरत खालच्या खाचेतून वळवळत रस्त्यावर निघून जायचं. जीव तुटायचा तिचा. नरडाण्याकडच्या कोरडवाहू गावात वाढलेली बाई ती. त्या गावात सून बघायला गेलेली माणसं आधी परसातलं आळं बघत. आळ्याची पाळ फुटकी असेल तर पोरीचं कामच फुटकं. पाणी बाहेर जातं म्हणजे पाळ नाही, एवढा सरळ हिशोब. तिनं विटांचे तुकडे आणले, चिकणमाती मळली, एकेक खाच बुजवली, वरून उंच पाळ घातली आणि शेणानं सारवून गुळगुळीत केली. बाया बघायला आल्या. किराणा दुकानवाली दिपमाला म्हणाली, “आक्का, रस्तावर तू ते तुळशी वृंदावन बांधी टाकं!” पार्वताबाईला बरं वाटलं. रोपांनीही पंधरवड्यात माना उचलल्या.

तर त्या दिवशी ती वरच्या टोकाला, गिरणीच्या भिंतीशी बसून तण काढत होती. दुपार होती, पण उजेड राखेसारखा झाला होता. कुत्री ओट्यांखाली शिरून बसली होती. तिचं लक्ष तणात नव्हतं. दर दोन मुठींनी मान वर जात होती. घरी जावं का? गेलं तर देवचंद हसणार. न गेलं तर...

तेवढ्यात गिरणीच्या पत्र्यावर कुणी खडीचा ट्रक रिकामा करावा तसा आवाज झाला आणि पाऊस पडला. थेंब नाही, धारा नाही, सगळं एकदमच. समोरचं घर दिसेना. चौकातून पाण्याचा लोंढा वळला आणि गल्लीत घुसला. लाल, फेसाळ, चपला आणि पिशव्या घेऊन.

पार्वताबाई भिंतीला चिकटून बघत राहिली. पाणी पहिल्या पाळीपाशी आलं. तिच्या गुळगुळीत, शेणानं सारवलेल्या पाळीला घासलं, आणि बंद दार बघून पाहुण्यानं पुढं जावं तसं पुढं गेलं. दुसऱ्या पाळीपाशी तसंच. तिसऱ्यापाशी तसंच. चरातल्या मातीला वरून पडेल तेवढाच ओलावा, आणि रस्त्याची नदी. आणि नदी कुठं चालली होती ते गल्लीत तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

हितेंद्रचं बोलणं तिला आत्ता कळलं. पाणी ढगातून पडलं होतं, पण घराकडं तिनं धाडलं होतं. स्वतःच्या हातानं, सारवून.

ती धावली. पायाखाली रस्ता नव्हताच, नुसती ओढ होती. दोनदा पडली. घराच्या उंबऱ्यावरून पाणी आत उतरत होतं, सावकाश, रुंद, घरच्या माणसासारखं. देवचंद गादीसकट ओला झाला होता. उजव्या हातानं त्यानं बाजेचा पाय धरला होता आणि हनुवटी वर काढून धरली होती. पाणी कानाला लागलं होतं.

“उनी का,” तो म्हणाला. “माले वाटनं झाडंज वाचाडशी.”

तिनं त्याच्या काखेत हात घातले आणि ओढलं. अर्धा माणूस तिच्याकडं आला, अर्धा फरशीला चिकटून राहिला. बाजेवर तो जाईना. एकदा, पुन्हा एकदा, मग तिच्या कमरेत कळ आली आणि दोघंही पाण्यात बसली. “कोनी ते या वं!” ती ओरडली. पत्र्यावरच्या आवाजानं ते ओरडणं तिच्या तोंडाशीच खाल्लं.

पाणी पोटरीला आलं.

तिनं त्याला फरफटत खिडकीखाली नेलं, भिंतीला टेकवून बसवलं. वाळत घातलेलं लुगडं ओढलं, त्याच्या काखेखालून दोन वेढे घेतले आणि खिडकीच्या गजाला गाठ मारली. मग दाराआडची पहार उचलली.

देवचंदनं गाठीकडं बघितलं, पहारीकडं बघितलं. “बांधीसन जास का? ढोर शे का मी?”

“ढोरले पूर उना की सोडी देतस,” ती म्हणाली. “तुम्हले बांधनं पडी ऱ्हायनं. तोंड मिटी ठेवा. बोलू नका.”

“इतला वरीसमा पहिल्यांदा...” तो काहीतरी म्हणत होता. ती थांबली नाही. थांबली असती तर गेली नसती.

वर चढताना एकच विचार डोक्यात ठोकत होता. पाणी वेढ्याच्या वर गेलं तर? सुटा असता तर निदान वाहून दारापर्यंत तरी गेला असता. आता तर तिथंच, बसल्या जागी. मागं वळून बघावं वाटत होतं, आणि बघितलं तर पाय वळतील म्हणून ती बघत नव्हती.

पहिल्या पाळीवर पहार घातली. टणकारा आला. तिनंच मळलेली माती, तिनंच दाबलेल्या विटा. पोरीला चांगलं काम शिकवलं म्हणून त्या क्षणी तिनं मेलेल्या आईला शिवी दिली. दुसरा घाव, तिसरा, मग वीट हलली आणि रस्त्याचं पाणी तोंड वळवून चरात घुसलं. ती पुढच्या पाळीवर गेली.

“आक्का!” दिपमाला दुकानाच्या पायरीवरून किंचाळली. “येडी व्हयनी का? झाडं वाही जातीन बठ्ठा!”

“जाऊ दे झाडं! मन्हा घरमा मानूस बांधेल शे!”

“बांधेल?”

“खिडकीले! दखत काय ऱ्हायनी, सब्बल काढ!”

दिपमाला दुकानात गेली आणि पेटी उघडायची सब्बल घेऊन पाण्यात उतरली. एक खाच हिची, एक तिची. चर गटगट आवाज करत पीत होता. एक कोवळं ताम्हण मुळासकट आडवं झालं, तरी पार्वताबाईनं त्याच्याकडं बघितलं नाही. बोटांची सालटी निघाली होती. खालच्या खाचा पाण्याखाली होत्या, त्या तिनं पायानं चाचपून फोडल्या. रस्त्यावरची ओढ कमी झाली का, की तिलाच तसं वाटत होतं? गुडघ्याला लागणारं पाणी आता नडगीला लागत होतं. पण घरातलं? घरात जे शिरलं ते शिरलंच होतं.

पहार टाकून ती दाराकडं गेली. आत अंधार. चूल बुडाली होती, डबे तरंगत होते. खिडकीखाली देवचंद बसला होता, मान खाली, डोळे मिटलेले, ओठ घट्ट. पाणी छातीशी थांबलं होतं. लुगड्याच्या वेढ्याला भिडलेलं.

“ओ,” ती म्हणाली.

तो हलला नाही.

“ओ, संघमित्राना बाप.”

काहीच नाही. तिला पुढं जाववेना. दारातून खिडकी काही लांब नव्हती, पण ती तिथंच चौकट धरून उभी राहिली, आणि तिला वाटलं, आपण आयुष्यभर इथंच उभं राहिलो तर पुढचं कळायचं टळेल.

मागून दिपमालानं तिला ढकललं. पार्वताबाईनं त्याच्या तोंडाला हात लावला. तोंड गरम होतं. त्यानं एक डोळा उघडला.

“तूज सांगेल व्हतं ना,” तो ओठ न हलवता पुटपुटला, “बोलू नका.”

तिनं त्याच्या खांद्यावर एक जोराची चापट मारली. मग ती त्याच्या शेजारी पाण्यात बसली. 

पाऊस उघडला तशी गल्लीतली दोन माणसं आली. गाठ भिजून इतकी आवळली होती की लुगडं कापावं लागलं. त्यांनी देवचंदला उचलून दिपमालाच्या दुकानामागच्या खोलीत, उंचावर नेलं. त्याला हुडहुडी भरली होती. दिपमालानं त्याच्या अंगावर गोणपाट घातलं, पार्वताबाईला चहा दिला आणि म्हणाली, “आते बस घडीभर.”

पार्वताबाईनं उभ्यानं अर्धा चहा घेतला. दारातून तिनं वर बघितलं. आभाळ पांढुरकं झालं होतं, पण पश्चिमेला अजून काळ्या ढगांची एक फळी तशीच होती, आणि खाली रस्त्यावर प्रत्येक खाचेच्या तोंडाशी गाळ, पिशव्या आणि तिच्याच विटांचा चुरा येऊन बसला होता. सांज पडायच्या आत आणखी एक सर आली तर त्यातली एकही खाच पाणी घेणार नव्हती.

तिनं कप पायरीवर ठेवला. पदर खोचला, वरच्या टोकाला गेली, पहिल्या खाचेपुढं उकिडवी बसली आणि दोन्ही हातांनी गाळ उपसायला लागली.