सिकेटरचा खटका

सन दोन हजार दोन. मी तेव्हा छप्पन्न वर्षांचा होतो. नाशिकजवळ मखमलाबादच्या पुढं आमचा गुलाबाचा मळा होता. होता म्हणायचं, कारण आज तिथं इमारती आहेत आणि त्यांच्या दारात कुंड्यांमधले गुलाब. ते छाटणारा माणूस कात्री कशी धरतो ते बघवत नाही, म्हणून मी त्या रस्त्यानं जात नाही. पहाटे दव पडलेली फुलं तोडताना बोटं गारठायची, आणि बाजारातून परत आलो तरी हाताला वास असायचा. तो वास अजून कधीकधी येतो. खोटं कशाला सांगू.

शाळा मी तिसरीत सोडली. पण कुठल्या डोळ्यावर, म्हणजे कोंब फुटतो तिथं, फांदी कापायची हे मला कळत होतं, आणि त्यात मी कुणाचं ऐकत नव्हतो. मुलगी नाशिकला कॉलेजात, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. तिला पुढं शिकायला पुण्याला जायचं होतं. मी म्हटलं, आधी लग्न, मग सासरचे शिकवतील तेवढं शिक. ती रडली नाही, भांडली नाही. माझीच पोरगी, तिनं अबोला धरला.

त्याच दिवसांत तिला कॉलेजात सगळ्यांपुढं उभं राहून बोलायचं होतं. घरी ऐकायला कोण? तिची आई म्हणे, माझी भाकर करपते. मग एका संध्याकाळी मी फुलांच्या जुड्या बांधत होतो, तिथं येऊन तिनं अबोला सोडला.

"आप्पा, तुम्हाला कळलं तर सगळ्यांना कळलं. ऐका. माणसाच्या अंगात एक जीन असतं."

"जीन घोड्याच्या पाठीवर असतं."

"ते नाही हो! हे पेशीच्या आत असतं, बारीक. एक वस्तू कशी बनवायची ते त्यात लिहिलेलं असतं."

"कसली वस्तू?"

मग तिनं माझ्या कमरेची छाटणीची कात्री ओढून घेतली. सिकेटर म्हणतो आम्ही तिला. मिटली की खटका लावायचा, म्हणजे आपोआप उघडत नाही.

"ही घ्या. समजा, प्रत्येक पेशीत अशी कात्री असते, खटका लावलेली. वेळ आली की खटका निघतो. कात्री पेशीला आतल्या आत कातरते आणि पेशी गपचूप मरते. शेजारच्या पेशीला त्रास नाही."

"अन् कात्री धरणारा कोण?"

"कुणी नाही."

"बिनमाळ्याची छाटणी? चल, माझी जुडी सुटतीय."

"मग तुमच्या हाताची बोटं सुटी कुणी केली? आईच्या पोटात आधी हात बदकाच्या पायासारखा असतो. मधलं मधलं छाटलं जातं, तेव्हा बोटं होतात."

मी हात बघितला. मग पाय बघितला. माझ्या पायाची दोन बोटं अर्ध्यापर्यंत जुळलेली आहेत. वडिलांची तशीच होती, मुलीचीही तशीच. आमची आई म्हणायची, या घराची लक्ष्मी तिथं अडकून बसलीय. त्या बोटांची मी लय मिजास केली.

"मग इथं काय झालं?"

"इथं खटका काढायचा निरोपच पोचला नाही."

"लक्ष्मी हाय ती."

"असंल," ती म्हणाली, "निरोप तिनंच अडवला असंल."

किती दिवसांनी ती हसली होती.

त्याच रविवारी सिन्नरहून मुलाकडचे जीप करून आले. मुलगा तिथल्या एमआयडीसीत कामाला. बरा होता, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पोहे झाले, चहा झाला. मग मुलाच्या आत्यानं मुलीला चालायला लावलं आणि नजर खाली घातली.

"अगं बाई, बोटं जुळलेली हायेत की! ही खोड पोराबाळांत उतरते हो."

बायकोनं पदर तोंडाशी नेला. मी सतरंजीवरून पाय पुढं केला.

"माझ्याकडनंच उतरलीय. बघा."

"पुरुषाचं कोण बघतंय, दादा?"

"मी बघतो. अन् ही खोड नाय. माणसाच्या अंगात एक कात्री असते..."

झालं. मी जीन सांगितलं, खटका सांगितला, बदकाचा पाय सांगितला. मुलाचा बाप बशी तोंडाशी धरून तसाच. आत्या मात्र पक्की.

"मग निरोप धाडतं कोण?"

हे मी विचारलंच नव्हतं. सगळे माझ्याकडं बघायला लागले, आणि मी मुलीकडं. खाली मान घालून उभं राहायचं ती विसरली.

"शेजारच्या पेशी धाडतात, आत्या. पण आमच्या पायात तो नेमका कुठं अडला, ते मला सांगता येत नाही. तेच शिकायचंय."

"शिकून बोटं सुटतील का?"

"सुटायला कशाला पाहिजेत?"

मुलाच्या बापानं बशी खाली ठेवली. "पोरगी हुशार हाय. पण आमच्या घरात एक कात्री हायेच," म्हणाला, आणि बहिणीकडं बघितलं. सगळे हसले, आत्या सोडून. उठताना तो म्हणाला, "कळवतो."

"कळवू नका," मी म्हणालो. "आमचंच अजून ठरत नाय."

जीप गेल्यावर बायको म्हणाली, "अहो, चांगलं स्थळ दोन बोटांपायी घालवलं."

"बोटं माझी हायेत," एवढंच मी बोललो. मुलगी माझ्यासमोर बसून जुड्या बांधत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुलं मी शेजाऱ्याच्या टेम्पोत चढवून दिली, बाजारात गेलो नाही. माळ्यावरून बायकोची लग्नातली पत्र्याची पेटी खाली काढली; पुण्याला न्यायजोगी घरात तेवढीच होती. तिचा खटका गंजून बसला होता. सिकेटरला लावतो ते तेल त्यात सोडलं, अंगठ्यानं दाबत राहिलो, आणि तो सुटला तेव्हा मुलीला हाक मारली.