जांभळी फीत आणि दहा कणसं

आर्डिस टेडन माणसांशी फारशी बोलत नसे. बोललीच तर चावल्यासारखी. आयोवातलं ते काळंभोर रान बाप मेल्यावर थोरल्या डेलबर्टच्या नावावर झालं. हिच्या वाट्याला आलं बियाणं निवडणं. दर हिवाळ्यात मक्याच्या ढिगातून ती दहा एकसारखी कणसं काढायची, उंदरांपासून जपायची. ऑगस्टात राज्याच्या जत्रेत ती मांडून पहिल्या नंबरची जांभळी फीत घ्यायचा डेलबर्ट.

यंदा तिनं मोठ्या ढिगाला हात लावला नाही. परसातला मका स्वतःच्या नावानं मांडला.

"कोंबड्यांचा खाऊ आणलास होय गं?" डेलबर्ट खिंकाळला.

"तुझी कुणी निवडली रे? नजर कधी आली तुला?"

परीक्षक आला तसे दोरीपलीकडे सगळे चिडीचूप झाले. निवाडा चालू असताना मांडणाऱ्यानं तोंड उघडलं की त्याचं कणसांचं ताट बाद, हे पोराटोरांनाही पाठ. एकेक ताट मागं पडत शेवटी दोनच उरली, बहीणभावाची. परीक्षक कधी याचं कणीस उचली, कधी तिचं.

तेवढ्यात आर्डिसला दिसलं. डेलबर्टच्या एका कणसाच्या बोडक्या टोकावर दाणे बसवले होते, आणि खाली डिंक चकाकत होता. म्हातारा परीक्षक चष्म्याआडून दुसरीकडेच बघत होता. गप्प राहिली असती तर फीत तिलाही मिळू शकली असती.

"कडेच्या कणसाचं टोक खरवडा," ती ओरडली. "माझा भाऊ आहे तो, डिंकानं दाणे चिकटवतो!"

नखाला दाणे डिंकासकट आले. परीक्षकानं दोन्ही ताटं खाली उतरवली. फीत गेली तिसऱ्याच कुणाला.

"स्वतःचंही घालवलंस, येडे!" डेलबर्टनं तिला बाहेर गाठलं. "गप्प बसली असतीस तर तुझीच होती."

"आणि तुला मिळाली असती तर?"

त्यानं तिच्या हातातल्या ताटाकडे बघितलं. ढिगातला उरलेला मका यंदा बुरशीनं गेला होता, रानातलं उभं पीक गारांनी झोडलं होतं आणि विकतचं बियाणं टेडनांच्या रानात कधी शिरलं नव्हतं.

"ही कणसं तरी दे. बापाचं वाण आहे. पेरायला दुसरं काही नाही घरात."

आर्डिस जत्रेतल्या डुकरांच्या गोठ्याकडे वळली. एका पोटुशा डुकरिणीपुढं तिनं एकेक कणीस टाकलं, आणि डुकरीण ती कडाकडा चावत होती तोवर आर्डिस जागची हलली नाही.