खंडेनवमीचा पाना

असल्या गोष्टींवर माझा कधीच भरवसा नव्हता. आमच्या चारठाण्यात अंगात येणाऱ्या बाया वारं उतरलं की आधी चहा मागतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून लिहून ठेवते...

आमचे हे आप्पासाहेबांच्या मोटरीवर ड्रायव्हर. मोटर जुनी — निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतर हैदराबादेहून कुण्या नवाबाची आणलेली. स्टेअरिंगचा दांडा ज्या पट्टीनं धरलेला असतो, तिचे बोल्ट ढिले झाले होते. चाक फिरवलं की अख्खा दांडा मांडीवर यायचा. ह्यांनी कितीदा सांगितलं. आप्पासाहेब म्हणायचे, "बघू."

खंडेनवमीला त्यांनी घरातली सगळी हत्यारं पूजेला मांडली. कोयते, कुऱ्हाड, त्यातच मोटरीचे पाने. वर हळदकुंकू, झेंडू. मी तिथं सारवायला गेले होते. पूजा झाली अन् सेलूहून आप्पासाहेबांच्या लेकीला आणायचं निघालं.

हे दारातून म्हणाले, "आप्पासाहेब, एक पाना द्या. बोल्ट आवळतो अन् निघतो."

"पुजलेलं हत्यार उद्या सोनं लुटल्याबिगर उचलायचं नसतंय."

"मग मोटर बी उद्याच काढू की."

"मोटरीची पूजा उद्या हाय. आज ती मोकळीच हाय. जा, लय शहाणपणा नको."

ह्यांनी दांडा सुतळीनं बांधला अन् गेले. मला हुकूम झाला, "तू बस इथं. मांजर शिवू देऊ नको." लोखंडाला राखण, अन् माझ्या नवऱ्याला सुतळी. अंगाची नुसती आग होत होती. पण मी जागची हलले नाही.

ऊन कलल्यावर मोटर आली. लेक रडतच उतरली. हे म्हणाले, "फाट्याजवळ उताराला सुतळी तुटली. दांडा हातात आला, म्होरं शेळ्या अन् एक बाई. मेलो म्हणलं... तेवढ्यात कुणी आवळावं तसा दांडा ताठ झाला."

आम्ही वाकून पाहिलं. दोन्ही बोल्ट घट्ट, अन् त्यांच्या डोक्यांवर कुंकू. मी पूजेकडे वळले. एका पान्याच्या तोंडाचं कुंकू पुसलेलं, तिथं काळं ग्रीस. वरचं फूल मात्र जसंच्या तसं.

आप्पासाहेबांनी हात जोडले. "देवानं आवळलं. आता ह्याला मिस्त्रीचा हात लागू द्यायचा न्हाई."

मी तो पाना उचलला. फूल खाली पडलं. आप्पासाहेबांच्या बाईसाहेब "अगं, अगं" करायला लागल्या. मी पाना ह्यांच्या हातात दिला अन् म्हणाले, "खोला."

पाना लावला तसे बोल्ट हातात आले. आटे पार झिजून गुळगुळीत. "असला बोल्ट कितीबी पिळा, धरत न्हाई," हे हळूच म्हणाले. आप्पासाहेब आत गेले. नवे बोल्ट आले, तेव्हाच हे पुन्हा मोटरीवर बसले.

पण आप्पासाहेब गावभर सांगत फिरतात — माझ्या पूजेनं ड्रायव्हर वाचला.

कुणी आवळलं, ते मला अजून उमगलेलं नाही. ज्यानं आवळलं त्याला मी हात जोडलेले नाहीत. त्यानं माझा नवरा वाचवला, खरंय... पण बोल लागण्यापासून आप्पासाहेबांनाही त्यानंच वाचवलं.