दहा वाजून बारा मिनिटं

माझी फजिती सांगतो, पण हसायचं ते चहा संपल्यावर हसा.

मेहकरात माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान. समोर सलीमभाईचं, तेही घड्याळांचंच. बावीस वर्षं मी त्याची गिऱ्हाइकं मोजत बसलोय. खोटं कशाला बोलू?

दिवाळीनंतर त्यानं दुकानात एक अजब घड्याळ टांगलं. काटे नाहीत, आकडे नाहीत. नुसते निळे दिवे, सहा उभ्या रांगांत: दोन तासांच्या, दोन मिनिटांच्या, दोन सेकंदांच्या. लोक थांबून बघायचे. सलीमभाई एक नजर टाकून वेळ सांगायचा आणि माझ्या पोटात दुखायचं. शेवटी मीही तसंच मागवलं. सोबत माहितीचा कागद होता. पण दिवेच तर मोजायचे, त्यात वाचायचं काय?

टांगलं त्याच दिवशी लेकीचे सासरे आले, मनगटी घड्याळात सेल टाकायला. बुलढाण्याला त्यांच्या पुतण्याचा साखरपुडा, अंगठी यांच्या खिशात, बस दहा चाळीसची.

"वाजले किती?" म्हणत त्यांनी मोबाइलला हात घातला.

"राहू द्या व्याही, मी सांगतो." मी ऐटीत वर पाहिलं. पहिल्या रांगेत एक दिवा, दुसरीत एकही नाही, तिसरीत एक, चौथीत दोन. "दहा बारा. चहा घ्या निवांत."

चहा झाला. नातवाचं कौतुक झालं. दुसरा चहा झाला. मी पुन्हा वर पाहिलं. एक, शून्य, एक, दोन.

"दहा बारा."

"मंघाशी बी दहा बाराच होते ना?"

आता इथं तरी शहाण्या माणसानं थांबावं की नाही? मी म्हणालो, "भारी घड्याळ हाय, जरा दमानं चालते."

व्याह्यांनी मोबाइल काढला. पावणेअकरा. त्यांचा चेहरा असा झाला, की समोरून सलीमभाईच धावत आला. काय झालं ते ऐकलं, त्यांना मोटारसायकलवर बसवलं आणि निघाला. हिवरा आश्रमला त्यानं बस गाठून दिली.

परत आल्यावर माझ्या घड्याळाखाली उभा राहिला. "भाऊ, दिवे मोजाचे नाई, बेरीज कराची. खालचा दिवा एकचा, त्याच्यावर दोनचा, मंग चारचा, वरचा आठचा. चौथ्या रांगेत एकचा अन् चारचा लागला, म्हंजे पाच. तिसऱ्या रांगेत पहिले दोनचा होता, म्हून पंचवीस. मंग चारचा लागला, तं पंचेचाळीस. तुमी दोन्ही टायमाले बाराच वाचले."

"हाव, समजलं," मी खाली बघून म्हणालो.

मग त्यानं खिशातून एक घड्याळ काढून काउंटरवर ठेवलं. माझंच. वर्षभर खटपट करूनही माझ्या हातून सुरू झालं नव्हतं, म्हणून बायकोच्या हाती गुपचूप त्याच्याकडे धाडलं होतं, तिच्या भावाचं आहे असं सांगून.

"वहिनीच्या भावाचं घड्याळ तयार हाय," सलीमभाई शांतपणे म्हणाला. "मागं तुमचं नाव कोरेल हाय. ते पुसू का राहू देऊ?"