उलटा बसवलेला ॲक्सल

गेल्या आठवड्यात मंगळवारी सकाळी, आरटीओच्या आवारात, आमचा ट्रेलर नापास झाला.

ट्रेलर म्हणजे गाडीच्या मागे जोडायचा छोटा कॅम्पर. बाजूने पाहिला तर पाण्याच्या थेंबासारखा दिसतो. आत दोघांनी झोपण्यापुरती जागा, आणि मागचं झाकण वर केलं की स्वयंपाकाचा ओटा.

ही सगळी माझ्या बायकोची, वैशालीची हौस. व्हिडिओ बघून तिने कागदावर मापं काढली, भेस्तानच्या सुताराकडून प्लायवूडची पेटी करून घेतली आणि खालच्या लोखंडी सांगाड्याचं किट मागवलं. तोरणमाळला जायचं आणि त्यात राहायचं, एवढंच तिचं म्हणणं.

किटची खोकी आली त्याच आठवड्यात तिचे रिपोर्ट आले. खोकी तशीच राहिली... तिला जाऊन आता आठ महिने झाले.

दोन-अडीच महिन्यांपूर्वी एका रविवारी तिचे वडील, अप्पा, डिंडोलीला माझ्या घरी आले. वय शहात्तर. सगळा जन्म उधन्याच्या कारखान्यांत माग दुरुस्त करण्यात गेला. पार्किंगमधल्या खोक्यांकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "जावईबापू, पोरीचं काम अर्धं राहिलंय. करून टाकू या का?"

मी बँकेत काम करणारा माणूस. पाना कसा धरायचा तेही माहीत नव्हतं. पण नाही म्हणवलं नाही.

मग ते दर रविवारी रिक्षाने यायला लागले. आम्ही दोघेही कमी बोलणारे, आणि तिच्याबद्दल तर मुळीच बोलायचो नाही. किटच्या माहितीपत्रकावर तिने पेन्सिलने खुणा करून ठेवल्या होत्या. त्या दोघंही वाचायचो आणि कामाला लागायचो.

आम्ही मूळचे खानदेशातले, तिकडे जावयाचा मान फार. अप्पा मला जमिनीवर बसू द्यायचे नाहीत, आधी गोणपाट अंथरायचे. "राहू द्या, हात काळे होतील." माझं काही चुकलं तरी एक शब्द नाही. मी चहा आणायला वर गेलो की मी आवळलेले बोल्ट ते गुपचूप पुन्हा आवळायचे. मला जिन्यातून दिसायचं... मीही कधी विषय काढला नाही.

मनात एक धास्ती होती. आम्हाला मूलबाळ नाही. ट्रेलर पूर्ण झाला की अप्पांना माझ्याकडे येण्याचं कारण काय उरणार? मुलगीच नाही, तर जावई कुठला... काम संपत आलं तसा माझा हात आपोआप सावकाश चालायला लागला.

अशाच एका रविवारी ॲक्सल बसवला. ज्याच्या दोन टोकांना चाकं लागतात तो लांब दांडा. तो मधोमध किंचित वाकलेला होता. मला वाटलं वाटेत दबला असेल, म्हणून बाक खाली करून बसवून टाकला. विचारलं, "बरोबर आहे ना, अप्पा?"

ते दाढी खाजवत म्हणाले, "तुम्ही बसवला म्हणजे बरोबरच."

मंगळवारी टेम्पोत चढवून आम्ही दोघांनी ट्रेलर आरटीओत नेला. इन्स्पेक्टर खाली वाकले आणि गुजरातीत म्हणाले, "काका, आ पैडां त्रांसां केम छे?" चाकं तिरकी का म्हणून बघतो तर दोन्ही वरच्या बाजूने आत झुकलेली. ॲक्सलचा बाक वर ठेवायचा असतो, म्हणजे वजन आलं की तो सरळ होतो. मी नेमकं उलटं केलं होतं. आमचा एजंट हसू दाबत होता. "सरखुं करीने फरी लावो," म्हणत इन्स्पेक्टरांनी कागद परत दिले. म्हणजे नीट करून पुन्हा आणायचा.

बाहेर टपरीवर चहा घेताना मी विचारलं, "अप्पा, इतकी वर्षं फिटर होतात तुम्ही. तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं ना. त्याच दिवशी दिसलं."

"मग बोलला का नाहीत?"

अप्पांनी बशीतला चहा संपवला. "जावयाची चूक कशी काढायची? आणि... खोटं कशाला बोलू. म्हटलं, उलटा बसलाय, म्हणजे परत सगळं खोलावं लागेल. अजून दोन-तीन रविवार निघतील. रस्त्यावर मी तो जाऊ दिला नसता, बरं का! इथे पास करणार नाहीत हे माहीतच होतं."

मी म्हणालो, "मीही शेवटी शेवटी मुद्दाम हळू काम केलंय."

"ते बी दिसलं," अप्पा म्हणाले. आणि चहावाला बघायला लागला इतके आम्ही हसलो.

रविवारी ॲक्सल काढला. मी म्हणालो, "अप्पा, मान पुरे झाला. चुकलं तर ओरडा." आधी त्यांना जमेना. मग मी पाना तिरका लावला तसा त्यांचा आवाज अहिराणीत चढला, "आरे, पाना असा धरस का? नट झिजी जाई ना!" दुपारपर्यंत मी इतकं ऐकलं की शेजारच्या बेन गॅलरीतून दोनदा डोकावून गेल्या.

काल ट्रेलर पास झाला. फॉर्म भरताना एजंटने विचारलं, नॉमिनी कोण? माझ्या प्रत्येक कागदावर त्या जागी वैशालीचं नाव असायचं. मी अप्पांचं नाव सांगितलं.

अप्पा वैतागले. "मनं नाव कसाले? मी तर तुना पहिले जासू!" माझ्याआधी जाणार म्हणे. पण एजंटने नात्याच्या रकान्यावर पेन टेकवून वर पाहिलं, तेव्हा माझ्याआधी तेच बोलले... "ससरा लखो."

एजंटने 'सासरा' लिहिलं, मी खाली सही केली. जो प्रश्न मी आठ महिने कोणालाच विचारू शकलो नव्हतो, त्याचं उत्तर न विचारताच मिळालं. तिथे आभार मानले असते तर अप्पा चिडले असते... म्हणून इथे मानतो. ते हे वाचत नाहीत.